हजेरी आता आपण घ्यायची

(३१ ऑगस्ट १९९४ रोजी सोलापुरात विमुक्त दिनाच्या मेळाव्यात आमच्या एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण. ज्या वस्त्यांवरून कुणाला येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. वस्तीवर मोठ्यानं वाचून दाखवावं.)

माझ्या बायांनो, भावांनो, आणि मागं बसून गलका करणाऱ्या लेकरांनो,

मी बारावीपर्यंत शिकलेय, पण एवढ्या माणसांपुढं बोलायची सवय नाही. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

आज ३१ ऑगस्ट. १९५२ साली ह्याच दिवशी गुन्हेगार जमातींचा कायदा सगळ्या देशातून गेला. देश १५ ऑगस्ट १९४७ ला सुटला, आपण त्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी सुटलो. आज त्याला ४२ वर्षं झाली. दरवर्षी आपण इथं जमतो, हार घालतो, भाषणं ऐकतो, आणि दिवेलागणीला आपापल्या पालावर परत जातो. मला आज एवढंच विचारायचंय, की सुटलो म्हणजे नक्की काय झालं?

माझी आजी, आईची आई, ह्याच सोलापुरात तारेच्या आत जन्मली. शहरात अजून त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. ती सांगायची, हजेरीची वेळ झाली की रांगेत उभं राहायचं. नाव पुकारलं की 'हाजर' म्हणायचं. बाहेर जायचं तर पास. गिरणीत कामाला जायचं तरी हिशोबानं जायचं, हिशोबानं यायचं. १९२४ च्या कायद्यात असंही कलम होतं, की सरकारला वाटलं तर सहा वर्षांपुढची लेकरं आईबापापासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवता येतील. आजी म्हणायची, लेकरू रांगेत जरा मागं राहिलं तरी आईच्या पोटात गोळा यायचा.

ह्याच सोलापुरानं मे १९३० मध्ये चार दिवस इंग्रजांचा अंमल उठवला होता. मग मार्शल लॉ लागला, चौघांना फाशी झाली. सोलापूरकर अभिमानानं सांगतात, आणि सांगावंच. पण त्या चार दिवसांतही आपली माणसं तारेच्या आतच होती, हे कुणी सांगत नाही. ते आपणच सांगायला पाहिजे.

आता नीट ऐका. त्या सरकारच्या वहीत आपलं नाव होतं. बाईचं होतं, लेकराचंही होतं. कशासाठी? पळून जाऊ नये म्हणून. पुढं तार निघाली, वही मिटली. पण दुसऱ्या वहीत नाव चढवायला कुणी आलं नाही. मतदार यादीत नाही, रेशनच्या रजिस्टरात नाही, शाळेच्या हजेरीपटावर नाही, सातबाऱ्यावर तर नाहीच. राहिलं फक्त एका ठिकाणी, पोलीस ठाण्यात. १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, तो आपल्यासाठीच आल्यासारखा वापरला. आपण पारधी अनुसूचित जमातीत आहोत, कागदावर आदिवासी आहोत. पण गावात चोरी झाली की आधी चोर आणि मग आदिवासी.

आमच्या वस्तीचं सांगते. आमची वस्ती अक्कलकोट तालुक्यात, गावाच्या शिवेवर. २२ पालं. आता त्यातली थोडी मातीची घरं झालीत. ओढ्याच्या पलीकडं कर्नाटक. म्हणजे आमची शीव दोन तऱ्हेची. गावाची शीव तिथंच संपते आणि राज्याचीही तिथंच संपते. पंचायतीचा नळ गावात थांबतो, दिव्याचा खांब गावात थांबतो. आमच्यापर्यंत फक्त जीप येते, ती पण रात्री.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं झाली. विजापूर, गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. आपल्या सोयरिकी मात्र जिथल्या तिथं राहिल्या. इंडीत माझी मावशी, आळंदकडं आत्या. तिकडं आपल्याला हरणशिकारी म्हणतात, इकडं पारधी. पुढं महाजन आयोगानं अक्कलकोट तालुका तिकडं द्यावा असं सुचवलं, आणि अजून मोठी माणसं त्यावर भांडतात. आमच्या म्हाताऱ्या म्हणतात, 'दोन्ही राज्यांना गाव पाहिजे, गावाबाहेरचं पाल कुणालाच नको.' इकडचे साहेब म्हणतात तुम्ही तिकडचे. तिकडचे म्हणतात तुम्ही इकडचे. आणि पकडायचं असलं की दोन्हीकडचे.

ह्यात जास्त मार कुणाला बसतो? बाईला. गड्याचा जो काही पुरावा असतो तो निदान ह्याच गावात असतो. लग्न होऊन आलेल्या बाईचा पुरावा माहेरी, आणि माहेर दुसऱ्या राज्यात. तिकडच्या यादीतून नाव गेलं, इकडच्या यादीत चढलं नाही. माझ्या आईनं वयाच्या चाळिशीपर्यंत एकदाही मत दिलं नव्हतं. तिला कुणी अडवलं नव्हतं. तिला कुणी मोजलंच नव्हतं.

मग आम्ही काय केलं ते सांगते. मोठं काही केलं नाही. एक वही केली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वस्तीतली सातआठ लेकरं शाळेत जायला लागली होती. घरात पारधी बोली, गावात कानडी, शाळेत मराठी, अशी तीन भाषांची लेकरं. बाया त्यांना कागद दाखवायच्या, 'हे काय लिहिलंय बघ रे.' तेव्हा मनात आलं, की कागद वाचणारी तेवढी हीच, तर लिहिणारी पण हीच होऊ देत. एक दोनशे पानी वही आणली. एका पालाला एक पान. घरात कोण कोण, कुठं जन्मली, कधी जन्मली, लग्न होऊन कुठून आली, कोणत्या सालापासून ह्या जागेवर राहते. लेकरं पालापालात जाऊन आज्यांना विचारायची. तारखा कुणाला माहीत? एक म्हणायची, '७२ च्या दुष्काळात मी खडी फोडायला होते तेव्हा हा पोटात होता.' दुसरी म्हणायची, 'इंदिराबाई गेल्या त्या थंडीत झाली.' लेकरं शाळेत गुरुजींना विचारून साल काढायची. गुरुजी चांगले होते, त्यांनी हसण्यावारी नेलं नाही.

आधी गडी हसले. म्हणाले, 'पोरांचा खेळ.' काही म्हातारे घाबरले. त्यांना वाटलं वही म्हणजे पुन्हा हजेरी आली. एका आजोबांनी आपलं नावच सांगितलं नाही. त्यांचं चुकलं नव्हतं. आयुष्यात ज्यानं ज्यानं त्यांचं नाव लिहून घेतलं त्यानं वाईटच केलं होतं.

त्या वहीचा उपयोग पुढच्याच वर्षी झाला. गावात चोरी झाली. रात्री जीप आली. गडी ओढा ओलांडून पलीकडं पळाले, सवयीप्रमाणं. मागं राहिलो बाया आणि लेकरं. तिघांना धरून नेलं, त्यातला एक शाळेत जाणारा पोरगा. बाकीच्या वेळी आपण काय करतो? रडतो, पाटलाचे पाय धरतो, डोरलं मोडून पैसे जमवतो. ह्या वेळी बाया म्हणाल्या, चला. वही घेतली, शाळेतून पोराचा बोनाफाईड दाखला आणला, आणि सगळ्या जणी ठाण्यापुढं जाऊन बसलो. आरडाओरडा नाही. एकच म्हणणं, की पोरगा १४ वर्षांचा आहे, हा दाखला. १९८६ च्या बाल न्याय कायद्यानं १६ वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. आणि दुसऱ्या दोघांना २४ तासांच्या आत कोर्टापुढं उभं करा, हे घटनेत लिहिलंय. साहेबांनी आधी हाकललं. मग दाखला हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. संध्याकाळी पोरगा आईच्या ताब्यात दिला. दोघांना दुसऱ्या दिवशी कोर्टात नेलं. तिथून जामीन झाला.

मी असं म्हणत नाही की आम्ही जिंकलो. ज्याचा दाखला होता तो सुटला. ज्याचा नव्हता त्याला एक रात्र जास्त मार बसला. कागदाची किंमत आमच्या बायांना त्या रात्री कळली. दुसऱ्याच आठवड्यात चार लेकरांची नावं शाळेत घातली.

इथं माझी एक चूकही सांगायला पाहिजे. त्या दिवशी आम्ही बारकी लेकरं पण उन्हात बसवली होती. मलाच वाटलं होतं, लेकरं बघून साहेबांना दया येईल. एका लेकराला ताप भरला, चार दिवस उतरला नाही. त्याच्या आईनं मला जे ऐकवलं ते बरोबर होतं. तेव्हापासून मी सगळीकडं सांगते, लेकरं ढाल नव्हेत. मोर्चात लाठीपुढं पोरं उभी करू नका. पोरांनी वही सांभाळावी, कागद वाचावा, सभेत बोलावं, प्रश्न विचारावा. शाळेच्या वेळेत मात्र शाळेतच असावं. चळवळीसाठी शाळा बुडाली तर उद्या कागद वाचणार कोण?

आता जमिनीचं. त्यासाठीच आपली चळवळ आहे. २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय आपल्यातल्या सगळ्यांना तोंडपाठ पाहिजे. मागासवर्गीय भूमिहीनांनी १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळात गायरानावर शेतीसाठी केलेलं अतिक्रमण नियमित करायचं असं त्यात आहे. पण पुरावा मागतात. तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मध्ये नोंद आहे का? दंडाची पावती आहे का?

दंडाच्या पावत्या कुणाकडं निघाल्या सांगू? बायांकडं. गड्यांनी त्या फेकून दिल्या होत्या, की चोर ठरवल्याचा कागद कशाला ठेवायचा. माझ्या चुलतीनं सगळ्या पावत्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत ठेवल्या होत्या. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, 'पैसे दिले होते, म्हणून ठेवल्या.' त्यातली एक पावती १९८४ ची. ज्या कागदानं आपल्याला गुन्हेगार ठरवलं होतं तोच आता मालकीकडं नेणारा कागद झाला.

आणखी एक. ज्यांच्याकडं पावती नाही त्यांनी जुने कोर्टाचे, चॅप्टर केसचे कागद शोधा. त्यावर काय लिहिलेलं असतं? नाव अमुक, जात पारधी, राहणार अमुक गावचं गायरान. तारीख असते, सही असते, शिक्का असतो. पोलिसांना बरोबर माहीत असतं आपण कुठं राहतो. मग तहसीलला कसं माहीत नसतं? तो कागद अर्जाला जोडा. आम्ही जोडलाय.

पंचनाम्याचा दिवस तर मी विसरणार नाही. तलाठी आले, बरोबर पंच. पहिला प्रश्न, 'मालक कुठाय?' गडी ऊसतोडीला गेले होते. बाया म्हणाल्या, 'नांगरलं आम्ही, पेरलं आम्ही, आम्हीच उभ्या आहोत.' पंचनामा लिहून झाला आणि ठसे द्या म्हणाले. आमच्यातल्या सहावीतल्या पोरीनं कागद मागून घेतला आणि मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं, 'जमीन पडीक, पीक नाही.' आणि तिच्या मागं कमरेएवढी तूर उभी होती. ती म्हणाली, 'तूर लिहा.' एवढंच. तलाठ्यांनी तिच्याकडं बघितलं, तुरीकडं बघितलं, आणि खोडून लिहिलं. मग बायांनी ठसे दिले. त्या पोरीची आई आयुष्यात पन्नास कागदांवर न वाचता ठसा देऊन आली होती. हा पहिला कागद, ज्यावर काय आहे हे तिला ठसा देण्याआधी कळलं.

आमचा दावा अजून पडून आहे. हे पण सांगते, कारण खोटी आशा मला लावायची नाही. तालुक्याला गेलं की जिल्ह्याला पाठवलंय म्हणतात, जिल्ह्याला गेलं की तालुक्याला. पण आता फाईलचा नंबर आमच्या वहीत आहे. दर महिन्याला दोन बाया आणि वाचणारं एक मोठं लेकरू सुट्टीच्या दिवसाला जोडून जातात, आणि काय उत्तर मिळालं ते तारखेसह लिहितात.

भावांनो, आता थोडं तुम्हाला. राग मानू नका.

आपल्या जातपंचायतीत बाई बसते का? तिच्याबद्दल निवाडा होतो, तिला विचारून होत नाही. संशय आला तर उकळत्या तेलातलं नाणं काढायला लावायची रीत आपल्यात होती, आणि काही ठिकाणी अजून आहे. सरकारनं आपल्याला पुराव्याशिवाय गुन्हेगार ठरवलं म्हणून आपण इथं भाषणं करतो. मग आपल्याच बाईला पुराव्याशिवाय गुन्हेगार ठरवतो त्याचं काय? घटना गावात लागू आहे आणि पालात नाही, असं चालायचं नाही. दारूचंही तेच. सत्तरच्या दशकात धुळे जिल्ह्यात शहाद्याकडं भिल्ल बायांनी दारूचे गुत्ते फोडले. त्या जमिनीच्या लढ्यात होत्या आणि घरातल्या माराच्या विरोधातही त्याच होत्या. दोन्ही लढे त्यांना एकच वाटले.

आणि चळवळीतही बघा. गायरानाचा अर्ज भरताना नाव कुणाचं? गड्याचं. आपल्या समितीत बाया किती? मी मोजल्या, मला एक हात पुष्कळ झाला. आता ७३ वी घटनादुरुस्ती झाली, ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायांच्या. आदिवासी बाईसाठी जागा सुटली आणि आपल्या बाईचं नाव मतदार यादीतच नसलं, तर उभी कोण राहणार? पाटलाच्या सांगण्यातली कुणीतरी राहील, आणि पुन्हा पाच वर्षं नळ गावातच थांबेल. शेषन साहेबांनी फोटोच्या कार्डाचं काढलंय. फोटोवाला गावात येईल तेव्हा शिवेवर येणार नाही, आपल्यालाच जावं लागेल. पण यादीत नाव असलं तर फोटो.

तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल, दक्षिण आफ्रिकेत यंदा काळ्या माणसांनी पहिल्यांदा मत दिलं आणि नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. तिथंही काळ्या माणसाला पास घेऊन फिरावं लागायचं, जसा माझ्या आजीला लागायचा. बायांना पास लावायचं ठरलं तेव्हा ऑगस्ट १९५६ मध्ये वीस हजारांवर बाया राजधानीत चालून गेल्या. १९७६ मध्ये सोवेटोच्या शाळेतल्या पोरांनी, आमच्यावर तुमची भाषा लादू नका म्हणून मोर्चा काढला, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मोठे नेते तुरुंगात होते तेव्हा बायांनी आणि पोरांनी लढा जिवंत ठेवला. मला ते ऐकून फार लांबचं वाटलं नाही. आमचे गडी ओढ्यापलीकडं असतात तेव्हा वस्तीत जे उरतं तेच इथलं नागरिक असतं.

आता कामाचं बोलते आणि थांबते. प्रत्येक वस्तीनं ही पाच कामं दिवाळीच्या आत करायची.

एक. वही करा. एका घराला एक पान. लिहितील शाळेतली लेकरं, सांगतील बाया. वही वस्तीतच राहील. पुढाऱ्याला, साहेबाला, आम्हालासुद्धा नेऊ द्यायची नाही. पाहिजे तर नक्कल द्या.

दोन. शाळेत नाव घालताना जनरल रजिस्टरात जात आणि जन्मगाव काय लिहिलं ते तिथंच वाचून घ्या. नुसतं 'हिंदू' लिहून मोकळे होतात. पुढं जातीच्या दाखल्याला तीच ओळ आडवी येते. 'पारधी' लिहून घ्या. १९५० च्या आधीचा आजोबा-पणजोबाचा पुरावा मागतात, तेव्हा ज्यांची माणसं सेटलमेंटात होती त्यांनी तिथल्या शाळेचे जुने दाखले शोधा. तारेच्या आतला कागद नातवाला बाहेर काढेल.

तीन. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक बाईचा मतदार यादीचा अर्ज भरा. शिवेपलीकडून आलेल्या तर आधी.

चार. गायरानाच्या अर्जावर नवरा-बायको दोघांची नावं घाला. फक्त गड्याचं नाव असलेला अर्ज आपल्या समितीनं पुढं पाठवू नये, असा ठराव मी आज मांडते.

पाच. बाईला आणि १५ वर्षांखालच्या मुलाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन विचारावं लागतं. फौजदारी कायद्याचं १६० वं कलम. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहा.

शेवटी आजीचं सांगते. गेल्या पावसाळ्यात ती वारली. त्याआधी एकदा लेकरं तिचं पान लिहायला बसली. पोरानं विचारलं, 'आजी, नाव?' आजी सवयीनं उभी राहायला लागली. पोरगा म्हणाला, 'बस की आजी. बसून सांग.' तिनं बसून नाव सांगितलं. पोरानं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'पुन्हा वाच.' त्यानं पुन्हा वाचलं.

बायांनो, ठरावाला हात वर करा. गड्यांनी पण.

जिंदाबाद!

(ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सहा जणांनी हात वर केला नाही. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.)